खाटांचाही रोजमेळ हवा

आम्ही पेशाने कारकून. संध्याकाळी रोजमेळ लागल्याशिवाय खुर्चीवरून उठायचे नाही, ही आमची जन्माची सवय. पाच रुपयांचा फरक निघाला तरी साऱ्या पावत्या पुन्हा काढाव्या लागतात. मग इस्पितळात कोणत्या खाटेवर कोणता रुग्ण आहे, त्याला औषध मिळाले की नाही, याचा मेळ रोज कोण लावतो?

हा प्रश्न आम्हा जळगावकरांसमोर जून २०२० मध्ये उभा राहिला. कोरोनाच्या त्या दिवसांत येथील शासकीय रुग्णालयात दाखल झालेल्या ८२ वर्षांच्या आजी २ जूनपासून बेपत्ता होत्या. १० जूनला त्यांचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींचे निलंबन झाले. त्याच महिन्यात, १९ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने कोविड रुग्णालयांच्या वॉर्डांत सीसीटीव्ही बसवा, तज्ज्ञांकडून तपासणी करवा, असे राज्यांना बजावले. योग्यच झाले. पण कॅमेऱ्यासमोर बसून खाटा मोजणारा माणूस नसेल तर कॅमेरा काय करणार?

एरवी ही मोजणी घरचे लोक करतात. कोरोनात त्यांना आत प्रवेश नव्हता, म्हणून उणीव उघडी पडली. आमच्या मेहरूणच्या शेजारच्या मावशी मागे एका दवाखान्यात होत्या. साखरेचा आजार. रात्रपाळीला एकच सिस्टर आणि भरलेला वॉर्ड. पाळी बदलली तेव्हा सकाळचे इन्सुलिन दिले की नाही, हे कोणालाच सांगता येईना. सूनबाईने नातवाची वही घेतली आणि वेळ, औषध, कोणी दिले असे तीन रकाने आखले. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेले डॉक्टर तीच वही मागू लागले! सूनबाईचे कौतुक वाटले. पण ज्याच्या उशाशी कोणीच नाही, त्याची वही कोणी लिहायची?

हे दुखणे एकट्या जळगावचे नाही. 'लॅन्सेट'ने २०१८ मध्ये गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब मांडला. चांगल्या उपचाराने टळू शकणारे ८६ लाख मृत्यू तिथे वर्षाला होतात. त्यांतील ३६ लाख लोक उपचारापर्यंत पोहोचत नाहीत. उरलेले ५० लाख पोहोचतात, पण उपचारच निकृष्ट ठरतो. म्हणजे इमारत आणि खाटा वाढवून भागणार नाही. खाटेपाशी काय घडते, ते पाहावे लागेल.

त्यासाठी नियम नाहीत असे नाही. सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके २०१३ पासून आहेत. त्यांत रुग्णांचे हक्क, स्वच्छता, संसर्ग रोखणे, उपचार हे सारे गुण देऊन तपासले जाते. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा राज्याचा नियम २०२१ पासून आहे. कागद आहे, अंमल हवा.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पाळी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या सिस्टरने मिळून खाटा मोजाव्यात, रुग्णाला नावाने हाक मारावी आणि दोघींनी सही करावी. त्यासाठी पुरेशा परिचारिका नेमाव्यात; एकटीवर अख्खा वॉर्ड टाकून तिलाच दोष देणे अन्यायाचे आहे.

माताभगिनींनो, बांधवांनो, आपणही तोंडी भांडू नका. केसपेपर जपा. सनद कुठे लावली आहे, ते विचारा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. घरचा माणूस पाहायला जाल तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या एकट्या रुग्णाचीही चौकशी करा. दुपारपासून तो दिसला नाही, तर तुमच्याखेरीज विचारणारे कदाचित कोणीच नसेल.