हॉटेलची खोली विकत घेण्याआधी

ज्यांच्या हातात नुकतेच ग्रॅच्युइटीचे आणि पीएफचे पैसे आले आहेत, किंवा घरातल्या दोन पगारांतून आता कुठे चार पैसे शिल्लक पडू लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शहराच्या ऐन मध्यावर मोठा टॉवर होणार आहे, खालच्या मजल्यांवर नावाजलेलं हॉटेल आणि वर राहती घरं. हॉटेलातली एक खोली तुमच्या नावावर होईल. वर्षातले काही दिवस तुम्ही राहा, बाकी दिवस हॉटेल ती भाड्याने देईल आणि महिन्याच्या महिन्याला पैसे तुमच्या खात्यात येतील. अशी योजना घेऊन कोणी दारात आलं, तर टोकनचा चेक फाडण्याआधी दोन दिवस थांबा. खोली तुमच्या नावावर झाली तरी तुमचे पैसे जाणार आहेत ते दुसऱ्याने चालवायच्या धंद्यात. त्या धंद्यात खोट आली तर ती पहिल्यांदा तुमच्या खिशातून भरली जाईल, हे कळून-सवरून सही करा.

टोरोंटोत काय झालं ते बघा. तिथल्या बे स्ट्रीटच्या बँकांच्या वस्तीत २०१२ च्या सुरुवातीला ट्रम्प यांच्या नावाचा ६५ मजली टॉवर सुरू झाला. हॉटेलच्या २६१ खोल्या आणि शंभरावर राहती घरं. बांधणारी कंपनी वेगळीच होती. ट्रम्प यांच्या कंपनीने नाव वापरायला दिलं होतं आणि हॉटेल चालवायचं काम घेतलं होतं. हॉटेलच्या खोल्या घेणाऱ्यांत साधी नोकरदार माणसंही होती. विक्रीच्या वेळी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला गेला, अंदाजे परताव्याचा. त्यात तीन रकाने. वाईटात वाईट दिवस आले तरी ५५ टक्के खोल्या भरतील, बरे दिवस असले तर ६५, चांगले असले तर ७५, आणि प्रत्येक रकान्याच्या तळाशी मालकाला सुटणारी रक्कम. प्रत्यक्षात हॉटेल सुरू झाल्यावर ‘वाईटात वाईट’ म्हणून धरलेला आकडासुद्धा गाठता आला नाही. मालकांना उत्पन्न मिळायचं राहिलं बाजूला, दर महिन्याला उलटे पैसे भरावे लागू लागले.

यातली गंभीर गोष्ट अशी की ओंटारिओच्या रोखेबाजार नियामकाने या विक्रीला सूट देतानाच अट घातली होती की खरेदीदारांना उत्पन्नाचे अंदाज द्यायचे नाहीत. तरी ते दिले गेले. दोन खरेदीदार कोर्टात गेले आणि आधी हरले, कारण त्यांनी सही केलेल्या करारात एक कलम होतं: या करारात लिहिलं आहे त्यापलीकडे आम्ही कोणतंही आश्वासन दिलेलं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, तो कागद दिशाभूल करणारा होता असं म्हटलं आणि खरेदीदारांच्या बाजूने निर्णय दिला. पुढच्या वर्षी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढचं अपील ऐकायला नकार दिला. पण तोवर किती वर्षं गेली बघा. दरम्यान बांधणारी कंपनी कर्जात बुडाली, टॉवर रिसीव्हरच्या ताब्यात गेला, इमारतीवरचं नाव उतरलं. ज्या नावाकडे बघून लोकांनी पैसे दिले, ते नावही तिथे राहिलं नाही.

तुम्हाला दाखवलेला कागद घरी आणा आणि मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवून हिशेब करा. मी इथे मुद्दाम सोपे आकडे धरतो. समजा खोली ८० लाखांची आहे, एका रात्रीचं भाडं ६ हजार आणि वर्षातल्या ६० टक्के रात्री ती भरली. म्हणजे २१९ रात्री, भाड्याची जमा १३ लाख १४ हजार. आता खर्च. व्यवस्थापन कंपनीची फी, मेंटेनन्स, मालमत्ता कर, विमा, कर्मचाऱ्यांचे पगार, दर काही वर्षांनी गाद्या-पडदे-एसी बदलायचा राखीव निधी, असं सगळं मिळून वर्षाला ६ लाख धरू. शिवाय बुकिंग संकेतस्थळाचं कमिशन, धुलाई, वीज, नाश्ता हा प्रत्येक रात्रीचा खर्च दीड हजार. हातात उरतात ३ लाख ८५ हजारांच्या आसपास. आता भरणा ६० वरून ३५ टक्क्यांवर आणा. रात्री १२८, जमा ७ लाख ६८ हजार, रात्रीचा खर्च कमी झाला पण ते ६ लाख जिथल्या तिथे. तुमच्याच खिशातून २४ हजार जातात.

आणि यात कर्जाचा हप्ता धरलेलाच नाही. ८० पैकी ५० लाख नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी काढले, तर महिन्याला सुमारे ५० हजार, वर्षाला ६ लाख. म्हणजे चांगल्या वर्षातही हॉटेलच्या पैशातून हप्ता निघत नाही. हॉटेलचा धंदा हंगामाचा असतो, एखादी साथ येते आणि सगळं ठप्प होतं, हे आपण २०२० मध्ये डोळ्यांनी पाहिलं. मेंटेनन्सचं बिल मात्र हंगाम बघत नाही.

यावर विकणारे सांगतात, ‘आमच्याकडे अश्युअर्ड रिटर्न आहे, खोली भरो न भरो.’ आपल्याकडे गोव्यात, लोणावळ्यात, अलिबागेत स्टुडिओ अपार्टमेंटच्या जाहिरातींत हे शब्द हमखास भेटतात. तेव्हा विचारा: हा परतावा किती वर्षं? तो कुठून देणार? हॉटेल सुरूच झालेलं नसताना महिना पैसे येत असतील, तर बहुतेक वेळा ते तुमच्याच किमतीत वाढवून घेतलेले किंवा तुमच्यामागून आलेल्या खरेदीदाराचे असतात. बिल्डर अडचणीत आला की पहिला बंद होतो तो हाच चेक.

इमारत पूर्ण होईलच, हेही गृहीत धरू नका. शिकागोत वॅकर ड्राइव्हवर शांग्रिला हॉटेल आणि घरं असा वॉटरव्ह्यू टॉवर उभा राहत होता. २००८ च्या मंदीत पैसा आटला आणि काम २६ व्या मजल्यावर थांबलं. काँक्रीटचा सांगाडा नदीकाठी कित्येक वर्षं तसाच उभा होता. पुढे दुसऱ्यांनी तो घेऊन भाड्याच्या घरांची वेगळीच इमारत पूर्ण केली.

आपल्याकडे १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्ण लागू आहे आणि तो फक्त राहत्या घरांपुरता नाही. धंद्यासाठी विकलेल्या जागाही त्यात येतात. तेव्हा प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा (गोव्यात असेल तर तिथल्या रेराचा) आणि तो संकेतस्थळावर स्वतः घालून बघा. जमिनीचा मालक कोण, कर्जाचा बोजा किती, ताबा देण्याची तारीख कोणती, मंजूर नकाशात हॉटेल दाखवलंय की नुसती घरं, हे तिथे दिसतं. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्याने मनाई आहे. ‘साहेब, ऑफर रविवारपर्यंतच’ म्हणून कोणी ३० टक्के मागत असेल तर उठून या. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटं छापून पैसे घेतले असतील, तर कलम १२ खाली भरपाई किंवा व्याजासकट पैसे परत मागता येतात. त्यासाठी ते माहितीपत्रक, परताव्याचा कागद आणि व्हॉट्सॲपवरची सगळी बोलणी जपून ठेवा. फोनवर काही सांगितलं असेल तर त्याच दिवशी मेल टाका: ‘आपण आज असं असं सांगितलंत, ते बरोबर आहे ना?’

टोरोंटोतल्या माणसांना कोर्टात नडलं ते कलम तुमच्या करारात आहे का, हे आधी शोधा. असेल तर परताव्याचा, भरण्याचा, हॉटेलच्या नावाचा प्रत्येक शब्द करारात घालायला लावा. बिल्डर ‘ते आमचं स्टँडर्ड ॲग्रीमेंट आहे, बदलता येत नाही’ म्हणाला, तर त्याला स्वतःच्या आकड्यांची खात्री नाही असं समजून चाला. हॉटेल कंपनीचा बिल्डरशी झालेला करार किती वर्षांचा आहे आणि तो मोडला तर तुमच्या खोलीचं काय, हेही लेखी घ्या. वकील मात्र तुमचा असू द्या, बिल्डरच्या ऑफिसात बसलेला नको.

जे वरच्या मजल्यावर राहतं घर घेणार आहेत त्यांनाही एक सांगणं आहे. लॉबी, लिफ्ट, पार्किंग, पोहण्याचा तलाव यांचा खर्च हॉटेल आणि घरं यांच्यात कशा प्रमाणात वाटला जाणार? इमारतीतल्या मालकांच्या संघटनेत हॉटेलकडे मतं किती? लग्नाच्या हंगामात बँक्वेट हॉलची वरात आणि तुमची शाळकरी मुलं एकाच लिफ्टने जाणार का? हे ताबा घेतल्यावर विचारून काही उपयोग नाही.

कॅनडात राहणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांना एवढं जरूर कळवा: ओंटारिओत बिल्डरकडून नवीन काँडो घेतला की तो करार बिनशर्त रद्द करायला दहा दिवस मिळतात. ते दहा दिवस वकिलाकडे जाण्यासाठीच वापरा.

आणि ज्यांनी आधीच बुकिंग केलं आहे, त्यांनी हप्त्यांच्या पावत्या तारखेनुसार लावाव्यात आणि त्याच इमारतीतल्या इतर खरेदीदारांना शोधून एकत्र यावं. बिल्डर दिवाळखोरीच्या वाटेवर असेल तर एकट्याने अर्ज करून भागत नाही. २०२० पासून त्यासाठी किमान शंभर खरेदीदार किंवा एकूण खरेदीदारांच्या १० टक्के एवढे लोक लागतात. म्हणून परतावा यायचा थांबण्याची वाट न बघता आजच ग्रुप करा आणि पुढच्या रविवारी सगळे कागद घेऊन एकत्र बसा.