रीतभात : गुरुद्वारात बसताना

मंडळी, अल्फारेटातील आपली बरीच कुटुंबे शीख मित्रांबरोबर गुरुद्वारात जातात. जोडे काढणे, डोके झाकणे मुलांना ठाऊक असते. बसण्याची रीत मात्र कारणासकट सांगावी लागते.

१७०८ साली आपल्या नांदेडला देह ठेवण्यापूर्वी गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथसाहिबांना दिले. त्यामुळे ती नुसती पोथी नव्हे, दरबारात बसलेले गुरूच. आसन त्यांचे उंच. बाकी सारे, श्रीमंत असोत की गरीब, खाली सतरंजीवर. त्यांच्याकडे पाय पसरू नयेत, पाठ करू नये. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हेही मुलांना सांगा.

लंगरची पंगतही एकाच पातळीवर बसते. कॅनडात टेबल-खुर्च्यांवरून वाद पेटला, तेव्हा १९९८ साली अकाल तख्ताने लंगर जमिनीवर बसूनच घ्यावा असा हुकूम काढला.

मग गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांचे काय? त्यांना घरी ठेवू नका. आधी सेवादारांना विचारा. पुष्कळ ठिकाणी मागे, भिंतीलगत त्यांची सोय करतात. दुखण्यापायी खुर्चीवर बसणे हा अनादर नव्हे. धडधाकट असून खुर्ची अडवू नये, इतकेच.