स्लॅबच्या आधी ठरवायच्या गोष्टी

वाशी तालुक्यात नवं घर म्हणजे आता स्लॅबचं घर. जोतं, कॉलम, स्लॅब, गिलावा एवढ्यातच पैसा संपतो आणि उरलेलं सगळं ‘पुढं बघू’वर जातं. दारापुढचा ओटा, देव्हाऱ्याची जागा, म्हाताऱ्या माणसाला बसायला सावलीचा कोपरा, जुन्या घराचं सागवानी दार. ते ‘पुढं’ बहुतेक घरांत कधी उजाडतच नाही. म्हणून या गोष्टी पाया आखतानाच ठरवायला हव्यात, आणि त्यासाठी थोडा पैसा बाजूला काढूनच कामाला हात घालायला हवा.

मराठवाड्यातलं जुनं माळवद बघा. जाड दगडी भिंती, लाकडी खांब, वर मातीचं छत आणि उजेड-धुरासाठी त्यात ठेवलेलं सानं. भिंतीत दिव्यापुरती देवळी, धान्याला बळद, दारात आल्यागेल्याला टेकायला ढाळज. यातली एकही गोष्ट शोभेची नव्हती. घरातली माणसं कशी राहतात, ते पाहूनच सुतार आणि गवंडी हात चालवत. चौकटीवरची नक्षी मात्र हौसेची, आणि ती हौस या मातीत फार जुनी आहे. वाशीच्याच जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आजही पाहायला मिळते.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपात या घरांवरचा विश्वासच कोसळला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे 8 हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि छतावरच्या मातीचा भार जीवघेणा ठरला. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठं पुनर्वसन झालं. 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रस्ते सरळ आणि रुंद, घरं एका ओळीत, एकाच साच्याची. घरं मजबूत होती, पण बैल कुठं बांधायचे, औतं कुठं ठेवायची, संध्याकाळी शेजारणीशी बोलत कुठं बसायचं, याचं उत्तर नकाशात नव्हतं.

ते उत्तर लोकांनी स्वतः शोधलं. कुणी ओटा बांधला, कुणी पुढं पत्रे टाकून ओसरी काढली, कुणी अंगणाला कुंपणभिंत घातली, तुळशीवृंदावन उभं केलं. मूळ गावातच राहिलेल्या जवळपास 1 लाख 90 हजार घरांची दुरुस्ती-बांधणी मात्र मालकांच्या हाती दिली गेली. अनुदान हप्त्यांनी, साहित्याची निवड आणि देखरेख घरच्यांची. दोन्हींतला हा फरक आजच्या घरकुलांसाठी मोलाचा आहे.

ग्रामीण भागासाठीच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपयांचं मूळ अनुदान मिळतं आणि घर किमान 25 चौरस मीटरचं असावं लागतं. बांधकाम ठेकेदाराकडे न देता लाभार्थ्यानं स्वतः करावं, असा नियमच आहे. नियम चांगला आहे, पण रक्कम तुटपुंजी असल्यानं निवडीला वाव उरत नाही. निदान दारापुढचा ओटा तरी घराचा भाग मानून नकाशात आणि खर्चात धरला जावा. मराठवाड्यातला अर्धा संसार तिथंच चालतो. शेंगा निवडणं, वाळवण, पाहुण्यांचा चहा, उन्हाळ्यातली झोपसुद्धा.

हौसेला एकच मर्यादा, सुरक्षिततेची. देवळी किंवा वायरिंगसाठी कॉलम-बीम फोडणं आणि लिंटेलची पट्टी तोडणं किल्लारीचा भूकंप सोसलेल्या या भागात तरी कुणी खपवून घेऊ नये. देवळी हवी तर भिंत चढतानाच सोडावी. जुनं दार बसवायचं तर त्याचं माप आधी घ्यावं, म्हणजे चौकट पुन्हा उखडावी लागत नाही. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची गवंडी सवयीनं ठरवतो. ती रोज तिथं उभ्या राहणाऱ्या बाईच्या कोपरापासून चार-सहा इंच खाली असावी. पुढची तीस वर्षं पाठ तिची दुखणार आहे, गवंड्याची नाही. या बदलाला जादा पैसाही लागत नाही, फक्त वेळेवर विचारावं लागतं.

जागेची आखणी होते त्या दिवशी बहुतेक ठिकाणी घरातला कर्ता पुरुष आणि मिस्त्री एवढेच हजर असतात. घरातल्या बायका आणि म्हातारी माणसंही तिथं असायला हवीत. चूल कुठं, ओटा केवढा, दार कोणतं हे फक्की पडण्याआधी त्यांनी सांगावं आणि मिस्त्रीनं ते मापासकट वहीत लिहून घ्यावं.