स्लाइसचा आकडा मोठा, प्रश्न मात्र अनुत्तरित

देशातील एखाद्या मोठ्या रुग्णालयात नवे सीटी स्कॅन यंत्र आले की त्याची बातमी ठरलेल्या साच्यातून बाहेर पडते. ‘640 स्लाइस’, ‘एका ठोक्यात संपूर्ण हृदय’, ‘अत्याधुनिक’. फीत कापली जाते, छायाचित्र छापले जाते आणि थोड्याच दिवसांत कोणतीही तक्रार नसलेल्या चाळिशीतील माणसांसाठी ‘हृदय तपासणी पॅकेज’ची जाहिरात झळकू लागते. हे यंत्र नेमक्या कोणत्या रुग्णाच्या कोणत्या शंकेचे निरसन करणार आहे, हा प्रश्न मात्र त्या बातमीत नसतो. तो नसल्यामुळे ज्यांना या तंत्राचा सर्वाधिक उपयोग आहे, ते रुग्णच चर्चेबाहेर राहतात.

आधी आकड्याचा हिशेब करू या. स्लाइसची संख्या यंत्राच्या नजरेची तीक्ष्णता सांगत नाही. एका फेरीत शरीराचा किती लांबीचा भाग टिपला जातो, याच्याशी तिचा संबंध असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या 320 शोधक-ओळी असतील तर 16 सेंटिमीटर, म्हणजे संपूर्ण हृदय, एका फेरीत सामावते. हा लाभ खरा आहे. परंतु त्याच 320 ओळींच्या माहितीतून दुप्पट छेद काढले की जाहिरातीत ‘640’ लिहिता येते. ओळी तेवढ्याच राहतात.

हृदयाच्या बाबतीत खरी कसोटी काळाची आहे. हृदयाच्या मुख्य रक्तवाहिन्या साधारण 2 ते 4 मिलिमीटर रुंद असतात आणि प्रत्येक ठोक्यासरशी हलतात. एक प्रतिमा रचण्यासाठी क्ष-किरण नळीची सुमारे अर्धी फेरी लागते. फेरी 0.35 सेकंदाची असेल, तर ‘शटर’ 175 मिलिसेकंद उघडे राहिले असे समजावे. दोन नळ्यांच्या यंत्रात पाव फेरी पुरते आणि हा काळ 66 मिलिसेकंदांपर्यंत उतरतो. नाडी मिनिटाला 60 असेल तर दोन ठोक्यांमध्ये हृदय काही क्षण जवळजवळ स्थिर असते; ती 90 झाली की तो अवधी आक्रसतो आणि प्रतिमा पुसट होते. म्हणूनच तपासणीपूर्वी दिलेली नाडी मंदावणारी गोळी आणि तंत्रज्ञाने रुग्णाला श्वास रोखायला नीट शिकवणे, या दोन गोष्टी अनेकदा स्लाइसच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाच्या ठरतात. त्यांची बातमी होत नाही.

आता बायपास झालेल्या रुग्णाचा विचार करावा. पायातील शीर किंवा छातीतील धमनी वापरून अडथळ्याला वळसा घालणारी नवी वाट तयार केली जाते, हाच ग्राफ्ट. ही वाट कायमची नसते. पायातील शिरेचे ग्राफ्ट पहिल्या वर्षातच साधारण 10 ते 20 टक्के बंद पडतात आणि दहा वर्षांत जवळपास निम्मे निकामी होतात. छातीतील डाव्या धमनीचा ग्राफ्ट त्या मानाने कितीतरी टिकाऊ असतो. अशा रुग्णाच्या छातीत पुन्हा दुखू लागले, तर पहिला प्रश्न एकच असतो: कोणता ग्राफ्ट चालू आहे आणि कोणता बंद?

नेहमीच्या अँजिओग्राफीत याचे उत्तर कष्टाने मिळते. महाधमनीवर ग्राफ्ट नेमका कोठे जोडला आहे हे जुन्या कागदपत्रांत नसेल, तर कॅथेटरच्या टोकाने ते तोंड शोधत बसावे लागते. त्यात वेळ जातो आणि प्रत्येक प्रयत्नाला काँट्रास्ट द्रव्य लागते. सीटीसाठी मात्र ग्राफ्ट हे तुलनेने सोपे लक्ष्य आहे. शिरेचा ग्राफ्ट सहसा हृदयाच्या मूळ वाहिनीहून रुंद असतो, ठोक्याबरोबर कमी हलतो आणि त्याचा संपूर्ण मार्ग एकाच त्रिमितीय चित्रात दिसतो.

याला भक्कम पुरावाही आहे. लंडनमधील ‘बायपास-सीटीसीए’ या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्या 688 रुग्णांपैकी काहींची आधी सीटी करून मग अँजिओग्राफी केली गेली, तर उरलेल्यांची थेट अँजिओग्राफी झाली. थेट गटात प्रक्रियेला सरासरी 39.5 मिनिटे लागली, सीटीचा नकाशा हाती असलेल्या गटात 18.6 मिनिटे. काँट्रास्टमुळे मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण थेट गटात 27.9 टक्के होते. सीटी गटात ते 3.4 टक्क्यांवर आले. ज्या देशात मधुमेहामुळे मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेले हृदयरुग्ण असंख्य आहेत, तेथे या निष्कर्षावर राष्ट्रीय पातळीवर चर्चा व्हायला हवी होती. यंत्रांच्या उद्घाटनांना जेवढी जागा मिळते, तिचा अल्पांशही या निष्कर्षाच्या वाट्याला येत नाही.

भारतापुढे याहूनही मोठा प्रश्न आहे. डॉ. के. एम. चेरियन यांनी 1975 साली देशातील पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रिया केली. आज ही शस्त्रक्रिया देशभर होते आणि येथे ती धडधडत्या हृदयावर, हृदय-फुप्फुस यंत्राशिवाय, करण्याचे प्रमाण मोठे आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या ‘रूबी’ चाचणीत (2009) या पद्धतीने जोडलेले 82.6 टक्के ग्राफ्ट वर्षभराने चालू आढळले. यंत्राच्या साहाय्याने जोडलेल्यांत हे प्रमाण 87.8 टक्के होते. याउलट भारतीय केंद्रांचा सहभाग असलेल्या ‘कोरोनरी’ या 4752 रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनंतरही दोन्ही पद्धतींत मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटनांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. मग भारतीय शल्यचिकित्सकांच्या सरावलेल्या हातांनी जोडलेले ग्राफ्ट वर्षभराने किती टक्के चालू असतात? हे मोजू शकणारी यंत्रे देशात आहेत, भौतिकशास्त्र सिद्ध आहे, रुग्णांची वाण नाही. तरीही प्रत्येक बायपासचा पाठपुरावा बंधनकारक करणारी राष्ट्रीय नोंदवही नाही.

यात सार्वजनिक धोरणाचाही दोष आहे. 2018 मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेले आहे. बाह्यरुग्ण विभागात, दाखल न होता करता येणारी तपासणी त्यात बसत नाही. बायपासचा खर्च सरकार उचलते. तो बायपास टिकला का, हे पाहण्याचा खर्च रुग्णाच्या माथी येतो. फेब्रुवारी 2017 मध्ये औषध लेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवण्यात आली, हे योग्यच झाले. पण स्टेंटची गरज कोणत्या तपासणीने ठरवावी, हे त्या निर्णयाच्या कक्षेतच नव्हते.

आक्षेप अपेक्षित आहेत आणि ते पोकळ नाहीत. किरणोत्सार हा पहिला. मात्र 2007 ते 2017 या दशकात हृदयाच्या सीटीतील मात्रा सुमारे 78 टक्क्यांनी घटल्याचे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. ही घट नीट वापर करणाऱ्या केंद्रांतच होते, म्हणून प्रत्येक केंद्राने आपली मात्रा जाहीर करावी. दुसरा आक्षेप कॅल्शियमचा. चुन्याचे थर आणि शस्त्रक्रियेतील धातूच्या क्लिपा प्रतिमेत फुगून दिसतात आणि अडथळा प्रत्यक्षाहून मोठा भासतो. नवी फोटॉन-मोजणी यंत्रे प्रत्येक क्ष-किरण कण त्याच्या ऊर्जेसह मोजतात, सुमारे 0.2 मिलिमीटरपर्यंतचा तपशील टिपतात आणि हा दोष कमी करतात. नाहीसा करत नाहीत. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: बंद ग्राफ्ट म्हणजे लगेच धोक्यात आलेला रुग्ण असे नाही. म्हणूनच लक्षणे नसलेल्या प्रत्येक बायपास रुग्णाला सीटीखाली घालण्याचे समर्थन येथे नाही. ते केले तर ‘पॅकेज’च्याच धंद्याला नवे गिऱ्हाईक मिळेल.

मागणी मोजकी आहे. बायपास झालेल्या रुग्णाला पुन्हा अँजिओग्राफीची गरज भासली आणि तातडीची अवस्था नसली, तर आधी सीटीचा विचार व्हावा आणि त्याचा खर्च सरकारी योजनेत बसावा. ग्राफ्ट कोठे, कोणता जोडला याचे रेखाचित्र रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर असावे. त्याला कागदाखेरीज काही लागत नाही. निवडक केंद्रांत, रुग्णांच्या संमतीने, वर्षभरानंतरच्या ग्राफ्टची पाहणी सार्वजनिक निधीतून व्हावी आणि निष्कर्ष खुले असावेत.

आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी ‘इतक्या स्लाइसचे यंत्र आले’ ही बातमी वाचली, तर तीन प्रश्न विचारावेत. त्याचे कालविभेदन किती? रुग्णाला मिळणारी मात्रा किती? आणि त्या शहरात गेल्या वर्षी जोडलेल्या ग्राफ्टपैकी आज किती चालू आहेत? पहिल्या दोघांची उत्तरे यंत्राच्या माहितीपत्रकात आणि रुग्णालयाच्या नोंदींत सापडतील. तिसऱ्याचे उत्तर आज कोणाकडेच मागता येत नाही, आणि बायपासवर सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या देशाला हे शोभत नाही.