पाटल्या कपाटातच राहू द्या

‘मुलगा बी.कॉम.ला दोनदा राहिला. आता म्हणतो, किचन ट्रॉल्या बसवायचा धंदा करतो. दुकानाच्या डिपॉझिटसाठी माझ्या पाटल्या मागतोय. ह्यांना तर सुतारकाम म्हटलं की कमीपणा वाटतो. काय करू?’ सांगलीकडच्या एका भगिनीचं हे पत्र.

ताई, पाटल्या आहेत तिथेच असू द्या. पण मुलाला नाही म्हणू नका हं! आज फ्लॅट घेणारी प्रत्येक गृहिणी आधी ओट्याखालच्या ट्रॉल्यांचं विचारते, आणि चोख बसवून देणारा माणूस शोधूनही मिळत नाही. कमीपणा कसला त्यात?

दुकान मात्र सगळ्यात शेवटी. आधी वर्षभर त्याला एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली राहू दे. आय.टी.आय.त सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तो केला तर उत्तमच. त्यानंतर मजुरीची कामं घ्यावीत. माल गिऱ्हाइकाचा किंवा कारखान्याचा, बसवणी आपली. यात भांडवल अडकत नाही. ड्रिल मशीन, पाणसळ, गुण्या, मोजपट्टी आणि पटाशी एवढ्यावर सुरुवात होते.

खरी विद्या मापाची. आपल्याकडची भिंत सरळ असते हा मोठाच गैरसमज! कडाप्प्याखालच्या खणाची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजायची आणि सर्वांत कमी भरेल ती धरायची. कोपरा काटकोनात आहे का, हे एका भिंतीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट खूण करून पाहावं. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट भरलं पाहिजे. शिवाय ट्रॉली पुरती बाहेर ओढल्यावर फ्रिजच्या दाराला अडते का, कोपऱ्यातल्या दोन ट्रॉल्यांच्या मुठी एकमेकींवर आपटतात का, सिंकच्या पाइपाला जागा उरते का, हे कागदावरच पाहायचं. ट्रॉली एकदा तयार होऊन आली, की पाव इंचाची चूकसुद्धा पदरचे पैसे खाते.

माल ओळखता यायला हवा. सिंकखाली पार्टिकल बोर्ड नको, ओल लागली की फुगतो. प्लायवूडवर आय.एस. ३०३ किंवा आय.एस. ७१० चा शिक्का पाहावा. त्यातलं ७१० म्हणजे मरीन, ओल्या जागेला तेच. स्टीलला लोहचुंबक लावून पाहायची युक्ती पुरती भरवशाची नाही बरं का. हलकं स्टीलही कधी कधी चुंबकाला चिकटत नाही.

गॅसच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा हट्टही ऐकायचा नाही. सिलिंडर उभाच हवा आणि शेगडी त्याच्याहून वरच्या पातळीवर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो. म्हणून त्या कपाटाला खालच्या बाजूला झरोके हवेतच. आत विजेचं बटणही नको.

आणि माप घेताना त्यानं घरमालकाशी नव्हे, स्वयंपाक करणारीशी बोलावं. ती डावखुरी आहे का, पोळ्या उभ्यानं लाटते का, पिठाचा डबा केवढा, हे विचारावं. ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच करतात, पण तिची कोपरं कुठे येतात ते पाहून ठरवलेलं बरं. हे त्याला तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?

आता पैशांचं. हात बसून स्वतंत्र कामं सुरू झाली, की १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पी.एम. विश्वकर्मा योजना पाहा. तिच्यात सुतार आहेत. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजानं. मात्र घरातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि तुमचे मिस्टर सरकारी नोकरीत असतील तर ही वाट बंद. मग बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा. ‘शिशु’ गटात ५०,००० पर्यंत तारण लागत नाही.

अंदाजपत्रक लेखीच द्यावं, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय लाकूड कापू नये आणि उरलेले पैसे कधी द्यायचे तेही त्याच कागदावर लिहावं. ओळखीच्यांकडे तर नक्कीच. हिशेबाची वही पहिली दोन वर्षं तुम्ही ठेवा, आणि धंद्याचे पैसे किराण्याच्या डब्यात मिसळू देऊ नका.