घरचा संगणक : रॅम ड्राइव्हचा उपयोग

घरातील धान्य कोठीत साठविले जाते. पण भाकरी थापताना लागणारे पीठ परातीत, हाताशीच असावे लागते. संगणकाचीही व्यवस्था अशीच आहे. डिस्क ही त्याची कोठी, आणि रॅम ही परात होय. रॅमचा थोडा भाग वेगळा काढून त्यास डिस्कचे रूप दिले की त्याला रॅम ड्राइव्ह म्हणतात. ही युक्ती नवी नव्हे. १९८४ साली आलेल्या पीसी-डॉस ३.० मध्येही तिची सोय होती. आज लिनक्समध्ये ती अंगभूत असते, तर विंडोजसाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते.

फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदास सुमारे १०० ते २०० मेगाबाइट वाचते, साटा पद्धतीची एसएसडी सुमारे ५००, तर डीडीआर४-३२०० जातीच्या एका रॅमपट्टीची कमाल क्षमता २५,६०० मेगाबाइट आहे. म्हणून हजारो बारीक फायलींचे एखादे झिप उघडावयाचे असेल, किंवा संगणक शिकणाऱ्या मुलास आपला प्रोग्रॅम पुनःपुन्हा तयार करून पाहावयाचा असेल, तर रॅम ड्राइव्ह उपयोगी पडतो. ब्राउझरच्या तात्पुरत्या फायली तेथे ठेवल्यास एसएसडीची झीजही थोडी वाचते. आधार कार्डाची प्रत केवळ छापण्यापुरती हवी असल्यास तीही तेथे ठेवावी. यंत्र बंद होताच ती नाहीशी होते. मात्र रॅम अपुरी पडली तर काही मजकूर डिस्कवर उतरू शकतो, म्हणून ही गुप्ततेची पूर्ण हमी मानू नये.

पण जो गुण तोच दोष. वीज गेली की रॅममधील सारे गेले! बोरगावच्या एखाद्या बागायतदाराने संत्र्यांच्या तोडणीचा हिशेब तेथे लिहिला आणि वीज खंडित झाली, तर कोणाची किती मजुरी द्यावयाची हे सांगणारा कागद उरणार नाही. मजुराच्या घामाचा हिशेब असा वाऱ्यावर सोडणे बरे नव्हे. तेव्हा हिशेब, अर्ज, लग्नाची छायाचित्रे यांची मूळ प्रत डिस्कवरच असावी, व दुसरी प्रत पेनड्राइव्हवर. यूपीएस असला तरी हा नियम मोडू नये. यंत्र पुन्हा सुरू करतानाही रॅम ड्राइव्ह रिकामाच होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नुकत्याच वाचलेल्या फायली संगणक मोकळ्या रॅममध्ये आपण होऊन ठेवीत असतो. त्यामुळे पत्रलेखनासारख्या नित्याच्या कामात रॅम ड्राइव्हचा फारसा लाभ जाणवत नाही. यंत्रात ४ गिगाबाइटच रॅम असेल, तर त्यातून वाटा काढल्याने ते उलट मंद होईल. ८ गिगाबाइट असल्यास १ गिगाबाइट पुरे. आणि जुन्या यंत्रात फिरती डिस्क असेल, तर आमचा सल्ला असा की, प्रथम एसएसडी बसवावी. सर्व कामांत तिचा लाभ होईल.

सारांश, जे पुन्हा करता येईल ते रॅममध्ये ठेवावे. जे गमावल्यास कोणाचे नुकसान होईल, ते कोठीतच ठेवावे.