पिंजऱ्यातली बाटली आणि फायलीतला अहवाल

मा. अध्यक्ष,
प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण व पर्यवेक्षण करणारी समिती, नवी दिल्ली



१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १८ नुसार आपण नेमलेला माणूस कोणत्याही वाजवी वेळी प्रयोगशाळेत शिरून तपासणी करू शकतो. मात्र समितीने घातलेली अट मोडल्याचे सिद्ध झाले, तर कलम २० मधला दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. नोंदणी रद्द करण्याचा उपाय आहे, पण तो इतका टोकाचा की रोजच्या हेळसांडीसाठी सहसा कोणी वापरणार नाही. या दोहोंमधली जागा भरून काढायला नवा कायदा लागत नाही. तपासणीचे अहवाल लोकांपुढे ठेवले तरी पुरे.

प्राण्यांचे हाल केवळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतात असे नाही, ते पिंजऱ्यातही होतात. भुसा वेळेवर बदलला नाही की मुतापासून बनणाऱ्या अमोनियाने उंदराच्या नाकाडोळ्यांची आग होते. पाण्याच्या बाटलीची नळी तुंबली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. हे कागद तपासून कळत नाही, बोट लावून नळी पाहावी लागते. रोजची देखरेख संस्थेच्या नैतिकता समितीकडे, आणि तिथे बहुसंख्य सदस्य संस्थेचेच. बाहेरचा शास्त्रज्ञ, एक सामाजिक जाण असलेला सदस्य आणि आपला प्रतिनिधी, एवढेच परके डोळे. त्यांनी पाहिलेले फायलीत राहिले, तर पाहण्याला वजन कुठून येणार?

यावर म्हटले जाईल की संशोधन अडेल. सर्पदंशावरचे औषध आजही घोड्यांच्या रक्तातून मिळते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. मी प्रयोग बंद करा म्हणत नाही. शास्त्रज्ञांच्या सुरक्षिततेचा आणि व्यावसायिक गुपितांचा आक्षेप मात्र खरा आहे, म्हणून नावे आणि औषधाचा तपशील झाकावा. तुंबलेली नळी हे कुणाचे गुपित नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१७ साली असे अहवाल संकेतस्थळावरून काढले, पण टीकेनंतर ते परत ठेवावे लागले. पुढे व्हर्जिनियातल्या एन्व्हिगो कंपनीच्या श्वानपैदास केंद्रातले दोष तपासनीसांनी अशाच जाहीर अहवालांत वारंवार नोंदवले. २०२२ मध्ये तिथले सुमारे ४,००० बीगल सोडवले गेले आणि २०२४ मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

कळवून गेले तर नळी साफच दिसेल. तेव्हा यापुढची प्रत्येक तपासणी न कळवता व्हावी, आणि तिचा अहवाल, संस्थेच्या खुलाशासह, तीस दिवसांत आपल्या संकेतस्थळावर यावा, ही विनंती.

आपला,
एक नागरिक